कीटक कीं प्रमाद ?

मराठी ग्रंथकारांनीं आपल्या पुस्तकांतील चुकांसाठीं एक सोयीचा धनी फार पूर्वींच शोधून ठेविला आहे. विशाखदत्ताच्या नाटकाचें नांव उसनें घेऊन त्यांनीं छापखान्यांत एक राक्षस आणून बसविला. आणि कोठें काना गळला, कोठें अनुस्वार उडाला, कोठें 'स्मरणा'चें 'मरण' झालें, कीं 'हा मुद्राराक्षसाचा विनोद' असें म्हणून हात झटकण्याची वहिवाट पडली. ही थट्टा निरुपद्रवी आहे, आणि तिच्यांत एक प्रकारचा शिष्टाचारही आहे; कारण खिळे जुळविणारा, मुद्रितें तपासणारा आणि मूळ हस्तलिखितांत दुर्वाच्य अक्षर काढणारा ग्रंथकार ह्या तिघांपैकीं अपराधी कोण हें न विचारतां प्रकरण मिटतें. राक्षसाला अब्रू नसल्यामुळें तो फिर्याद करीत नाहीं.

संगणकाच्या धंद्यांत ह्या राक्षसाची जागा एका कीटकानें घेतली आहे. संगणकाला जें काम करावयाचें तें पायरीपायरीनें सांगणाऱ्या आज्ञांच्या मालिकेस आपण आज्ञावली म्हणतों. सॉफ्टवेअर ह्या परिचित शब्दाचा अर्थ तोच. ह्या आज्ञावलींत जो दोष राहून जातो त्यास जगभर 'बग', म्हणजे कीटक, हें नांव रूढ झालें आहे. शब्द संगणकाहून जुना आहे. एडिसननें १८७८ सालच्या एका पत्रांत आपल्या शोधांतील बारीकसारीक अडचणींना हेंच नांव दिलें होतें. पुढें ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांतील 'मार्क २' नांवाच्या अवाढव्य गणनयंत्रांत, एका विजेच्या खटक्यांत, खराखुरा पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो चिकटपट्टीनें रोजनिशींत डकविला आणि खरा कीटक सांपडल्याचा हा पहिलाच प्रसंग अशी खालीं नोंद केली. तें पान अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयांत जपून ठेवण्यांत आलें. ग्रेस हॉपर ह्या विदुषीनें ही गोष्ट आपल्या व्याख्यानांतून इतक्या वेळां सांगितली कीं, शब्दाचा जन्मच त्या पतंगापासून झाला असा समज पसरला. वस्तुतः ती नोंद विनोदी वाटते ती एवढ्याचसाठीं कीं शब्द आधींपासून प्रचारांत होता.

पतंग बिचारा बाहेरून आला होता. आज्ञावलींतील दोष मात्र बाहेरून येत नाहींत, ते कोणी तरी लिहिलेले असतात. एड्स्गर डाइक्स्ट्रा ह्या डच संगणकशास्त्रज्ञास ह्या शब्दाचा मनस्वी तिटकारा होता. १९८८ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत त्यानें असें सुचविलें कीं, कीटक हा शब्द टाकून सरळ 'चूक' म्हणावें. लेखकाची पाठ वळतांच एखादा खोडकर प्राणी आंत शिरला ही कल्पना बौद्धिक दृष्ट्या अप्रामाणिक आहे, आणि नांव बदललें म्हणजे दोष ज्याचा त्याच्या पदरीं पडेल. डाइक्स्ट्राचा हा रोख योग्यच आहे. पण दोष ज्याचा त्याच्या पदरीं पाडणें तो समजतो तितकें सोपें नाहीं. कारण व्यवहारांत 'मनुष्यप्रमाद' हा शब्द आज्ञावली लिहिणाऱ्याला उद्देशून कोणी वापरीत नाहीं. तो वापरला जातो यंत्रापुढें बसलेल्या माणसाला उद्देशून.

आपल्या भाषेंत 'मीं चूक केली' असें म्हणणारा विरळा. आपण 'माझ्या हातून चूक झाली' असें म्हणतों. व्याकरणाच्या दृष्टीनें येथें कर्तेपण चुकीकडे जातें आणि माणूस केवळ तिची वाट ठरतो. विनयाचा भाग सोडला तरी ह्या प्रयोगांत एक मार्मिक निरीक्षण दडलेलें आहे. चूक ज्या हातून बाहेर पडते तो हात बहुधा तिच्या प्रवासांतील शेवटचा असतो. तो दिसतो, त्याला नांव असतें, त्याला धरतां येतें. ज्यानें पांच वर्षांपूर्वीं दुसऱ्या शहरांत बसून एक ओळ चुकीची लिहिली तो दिसत नाहीं. आणि ज्यानें ती ओळ तपासण्याचा खर्च वांचविला तो तर मुळींच दिसत नाहीं. कीटक आणि मनुष्यप्रमाद हे दोषाचे दोन निरनिराळे वर्ग नसून एकाच दोषाकडे जवळून व लांबून पाहण्याच्या दोन रीती आहेत, असें आमचें मत आहे; आणि कोणती रीत कोणाच्या सोयीची होती हें पाहूं लागलें म्हणजे संगणकाच्या इतिहासांतील कित्येक प्रकरणें निराळीं दिसूं लागतात.

यंत्र अचूक असलें तरी त्याला दिलेली आज्ञा चुकीची असूं शकते, हें ज्ञान संगणकापूर्वींचें आहे. १८२१ सालीं चार्ल्स बॅबेज आपल्या हर्शेल नामक मित्राबरोबर ज्योतिषाचीं कोष्टकें ताडून पाहत होता; त्यांतील चुकांनीं वैतागून, हीं गणितें वाफेनें करतां आलीं तर किती बरें, असें तो उद्गारला, आणि त्याच्या गणनयंत्रांची कल्पना तेथून पुढें वाढली. म्हणजे ह्या यंत्राचा जन्मच मुळीं मनुष्याच्या प्रमादाला कंटाळून झाला. त्याच बॅबेजच्या नियोजित यंत्रावर १८४३ सालीं एडा लव्हलेस हिनें ज्या टिपा प्रसिद्ध केल्या त्यांत तिनें हा प्रश्न बरोबर हेरला आहे : यंत्राची क्रिया निर्दोष मानली तरी त्याला हुकूम देणाऱ्या छिद्रपत्रिका त्यास खोटे हुकूम देऊं शकतील. दैवाची थट्टा अशी कीं, तिनें त्या टिपांत बर्नुलीच्या संख्या काढण्यासाठीं जो क्रियांचा तक्ता दिला, आणि ज्यास पुष्कळ लोक जगांतील पहिली छापील आज्ञावली मानतात, त्यांत चौथ्या पायरीवर भाजक आणि भाज्य ह्यांची अदलाबदल झालेली आहे. चूक तिची कीं मुद्राराक्षसाची ह्याचा निवाडा लागलेला नाहीं.

यंत्रें प्रत्यक्ष चालूं लागल्यावर हा अनुभव लगेच आला. केंब्रिज येथील 'एड्सॅक' ह्या संगणकाचा कर्ता मॉरिस विल्क्स ह्यानें आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, १९४९ च्या जून महिन्याच्या सुमारास जिना चढतां चढतां त्याच्या एकाएकीं ध्यानांत आलें कीं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यांत जाणार. त्या वेळीं तो ज्या आज्ञावलीशीं झगडत होता तिची कागदी फीत पुढें संशोधकांच्या हातीं लागली. १२६ ओळींच्या त्या मजकुरांत सुमारें वीस चुका होत्या; आणि लिहिणारा कोणी उमेदवार नव्हता, त्या विद्येच्या आद्य पुरुषांपैकीं एक होता.

येथें थोडें आडवळण घेऊन विमानांकडे वळलें पाहिजे. कारण शेवटच्या हाताला दोष देण्याच्या संवयीवर पहिला शास्त्रीय आघात झाला तो तेथें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेचीं कांहीं जातींचीं विमानें सुखरूप उतरल्यावर धांवपट्टीवरच पोटावर आपटूं लागलीं. वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजीं चाकेंच आंत ओढून घेत. चौकशींत 'वैमानिकाचा प्रमाद' असा शेरा पडे. अल्फोन्स चॅपनिस नांवाच्या तरुण मानसशास्त्रज्ञानें विमानांत जाऊन पाहिलें, तों चाकांची कळ आणि झडपांची कळ ह्या दिसावयास सारख्या व एकमेकींस खेटून बसविलेल्या ! ज्या विमानांत त्या तशा नव्हत्या तेथें हा प्रमाद घडत नव्हता. त्यानें एका कळीला लहानसें चाक व दुसरीला पाचरीसारखा तुकडा लावून हातालाच फरक कळेल असें केलें आणि रोग हटला. पुढें १९४७ सालीं पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स ह्यांनीं वैमानिकांच्या प्रमादाच्या ४६० हकीकती गोळा करून त्यांचें पृथक्करण केलें. त्यांतील सुमारें निम्म्या हकीकती एका कळीच्या जागीं दुसरी ओढल्याच्या होत्या. एकच चूक शेंकडों शहाणे लोक करतात तेव्हां ती त्या लोकांची राहत नाहीं. ती कळा मांडणाराची होते. संगणकाच्या धंद्याला हा धडा शिकण्यासाठीं पुढें चाळीस वर्षें लागलीं, आणि त्याची किंमत रुग्णांनीं दिली.

'अॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा' ह्या कंपनीनें कर्करोगावरील किरणोपचारासाठीं 'थेरॅक-२५' नांवाचें यंत्र तयार केलें होतें. त्याचीं कामें दोन. एका प्रकारांत इलेक्ट्रॉनांचा सौम्य झोत रुग्णाच्या अंगावर सोडावयाचा. दुसऱ्यांत सुमारें शंभरपट प्रखर झोत एका धातूच्या तबकडीवर आपटवून त्यापासून निघणारे क्ष-किरण द्यावयाचे. अर्थात् प्रखर झोत चालू आहे आणि मध्यें तबकडी नाहीं असें कधींही होतां कामा नये. ह्या यंत्राच्या पूर्वींच्या आवृत्तींत, म्हणजे थेरॅक-२० मध्यें, अशी वेळ आलीच तर झोत आपोआप बंद पाडणारे स्वतंत्र अडसर होते. ते संगणकाला विचारीत नसत. थेरॅक-२५ मध्यें ते काढून टाकण्यांत आले आणि ती जबाबदारी आज्ञावलीवर सोंपविण्यांत आली. १९८३ सालीं कंपनीनें यंत्राच्या सुरक्षिततेचें जें गणित मांडलें त्यांत आज्ञावलींतील उरलेसुरले दोष धरलेच नव्हते. आज्ञावलीची चांचणी भरपूर झाली आहे आणि ती वापरानें झिजत नाहीं, असा त्याचा आधार होता. आज्ञावली झिजत नाहीं हें अक्षरशः खरें आहे. पण जें घडतांनाच वांकडें घडलें तें न झिजतां वांकडेंच राहतें.

२१ मार्च १९८६ रोजीं टेक्सस संस्थानांतील टायलर गांवच्या रुग्णालयांत एक गृहस्थ आपल्या नवव्या उपचारासाठीं आले. यंत्रचालिका सरावलेली होती. तिनें सौम्य झोताच्या अक्षराऐवजीं क्ष-किरणांचें अक्षर टंकिलें; चूक तत्काळ लक्षांत आल्यामुळें ती वर गेली, अक्षर दुरुस्त केलें, बाकीचे आंकडे बरोबर असल्यामुळें एंटरची कळ भराभर दाबून खालीं आली, आणि यंत्र तयार असल्याचें पडद्यावर दिसतांच तिनें झोत सोडला. पडद्यावर 'बिघाड ५४' अशी अक्षरें उमटलीं. त्या आंकड्याचा उलगडा यंत्रचालकांना दिलेल्या पुस्तकांत नव्हता. असले संदेश त्या यंत्रावर वरचेवर येत, आणि पुढें चालूं ठेवण्यासाठीं एक कळ दाबली म्हणजे काम सुरू होई. शिवाय ठरल्यापेक्षां फारच थोडी मात्रा गेली आहे असें यंत्र सांगत होतें. तिनें ती कळ दाबली. आंतल्या दालनाचें दूरचित्र त्या दिवशीं जोडलेलें नव्हतें व ध्वनियंत्र बिघडलेलें होतें. पहिल्या झटक्याबरोबर पाठीवर कढत पाणी ओतल्यासारखें वाटून रुग्ण उठूं पाहत होता, तोंच दुसरा झोत त्याच्या हातावर आला. आणि तो दारावर धक्के मारूं लागला तेव्हां बाहेर कळलें. १८० रॅडच्या जागीं त्यास १६,००० हून अधिक रॅड मिळाले असावेत असा अंदाज पुढें निघाला. पांच महिन्यांनीं त्याचा अंत झाला.

कंपनीचे अभियंते येऊन पाहून गेले. अशी अतिमात्रा ह्या यंत्रापासून होणें शक्यच नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. विजेचा धक्का बसला असावा अशीही शंका निघाली, पण स्वतंत्र तपासांत तसें कांहीं आढळलें नाहीं. अशक्य हा शब्द ह्या प्रकरणांत आधींही ऐकूं आला होता. जून १९८५ मध्यें जॉर्जियांत एका बाईनें आपण भाजल्याचें तेथल्या तेथें सांगितलें असतां तिलाही तें अशक्य असल्याचेंच उत्तर मिळालें होतें. ११ एप्रिल १९८६ रोजीं टायलरलाच, त्याच यंत्रचालिकेच्या हातून, पुन्हां 'बिघाड ५४' झाला आणि दुसरा रुग्ण तीन आठवड्यांत दगावला.

आतां ह्यापुढचा भाग मला सर्व इतिहासांत अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या रुग्णालयांतील पदार्थवैज्ञानिकानें यंत्र बंद केलें, त्या बाईला जवळ बसविलें, आणि तिला दोष न देतां तूं नेमकें काय केलेंस तें पुन्हां करून दाखव म्हणून सांगितलें. दोघें तें पुन्हां पुन्हां करीत राहिलीं. अखेर उमगलें कीं, सारें रहस्य वेगांत आहे. झोत वळविणाऱ्या चुंबकांना आपल्या जागीं येण्यास सुमारें आठ सेकंद लागत. तेवढ्या अवधींत कोणी अक्षर बदललें तर पडद्यावर तें बदललेलें दिसे, पण आज्ञावलीच्या दुसऱ्या भागाला त्याचा पत्ताच लागत नसे. कंपनीच्या लोकांनाही हा बिघाड प्रथम घडवितां येईना, कारण ते हळूहळू टंकीत होते ! नवशिक्याच्या हातीं निर्धोक असलेलें यंत्र कुशल हातीं प्राणघातक होत होतें. ह्यास यंत्रचालिकेचा प्रमाद म्हणावें तर तिची चूक तिनें स्वतःच दुरुस्त केली होती. आणि ती दुरुस्तीच नडली.

पुढें असें निष्पन्न झालें कीं, तोच दोष थेरॅक-२० च्या आज्ञावलींतही होता. शिकागो येथें विद्यार्थी त्या यंत्रावर वेड्यावांकड्या आज्ञा देत तेव्हां फ्यूज उडत, एवढेंच. स्वतंत्र अडसर असल्यामुळें कोणाच्या केसालाही धक्का लागला नाहीं. थेरॅक-२५ पासून १९८५ ते १९८७ ह्या अवधींत सहा रुग्णांस अतिमात्रा झाल्याचें ज्ञात आहे. त्यांतील शेवटचा, याकिमा येथील अपघात अगदीं निराळ्या दोषानें झाला : एका लहानशा गणकांत २५५ च्या पुढें शून्य येई, आणि नेमक्या त्या क्षणीं कोणी कळ दाबली तर तपासणीच वगळली जाई. म्हणजे एक कीटक मारला म्हणून घर स्वच्छ झालें असें नव्हे. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर ह्यांनीं १९९३ सालीं ह्या सर्व प्रकरणाचा जो तपशीलवार अहवाल लिहिला त्याचा रोखही तोच आहे. कोणती ओळ चुकली ह्यापेक्षां एक ओळ चुकतांच माणूस मरेल अशी रचना कां केली, हें ते विचारतात.

थेरॅकमध्यें निदान जखम तरी दिसत होती. ब्रिटिश पोस्टखात्याच्या प्रकरणांत तीही दिसत नव्हती. तेथें गांवोगांवचीं पोस्टें बहुतेक खाजगी पोस्टमास्तर चालवीत. आपल्या दुकानाच्या एका कोपऱ्यांत टपालाचें काम, आणि हिशेबांत तूट आली तर ती भरून देण्याचा करार. १९९९ पासून ह्या सर्व पोस्टांत 'होरायझन' नांवाची, फुजित्सु कंपनीच्या हातची, संगणकीय हिशेबपद्धति बसविण्यांत आली. थोड्याच दिवसांत निरनिराळ्या ठिकाणीं अकारण तुटी दिसूं लागल्या. बहुतेक पोस्टमास्तरांनीं त्या आधीं खिशांतून भरल्या, मग कर्ज काढून भरल्या, आणि मग तक्रार केली. ब्रिडलिंग्टन येथील एका पोस्टमास्तरानें मदतकेंद्राला ९१ वेळां दूरध्वनि केला. शेवटीं २००७ सालीं सुमारें २५ हजार पौंडांच्या तुटीचा दावा त्याच्यावर शाबीत होऊन ३ लाख २१ हजार पौंडांचा खर्च त्याच्या माथीं बसला व त्याचें दिवाळें निघालें. १९९९ ते २०१५ ह्या काळांत नऊशेंहून अधिक पोस्टमास्तरांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असल्या आरोपांचे खटले होऊन शिक्षा झाल्या. बहुतेक खटले पोस्टखात्यानें स्वतःच चालविले. कित्येकांना तुरुंगांत जावें लागलें, त्यांत एक बाई गर्भवती होती. पुष्कळांना चौकशींत असें सांगण्यांत आलें कीं, ही तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहां.

हें घडूं शकलें त्याला कायद्याचाही हातभार लागला. इंग्लंड व वेल्समध्यें १९८४ च्या एका कायद्याप्रमाणें संगणकाचा कागद पुराव्यांत दाखल करावयाचा तर तो संगणक नीट चालत होता हें आधीं दाखवावें लागे. हें कलम फार जाचक आहे म्हणून कायदा-आयोगानें १९९७ सालीं तें काढण्याची शिफारस केली. संगणकाच्या बहुतेक चुका एक तर तत्काळ दिसून येतात, नाहीं तर त्यांत माहिती भरणाराच्याच असतात, ह्या विचारावर ती शिफारस उभी होती. १९९९ च्या कायद्यानें तें कलम गेलें आणि यंत्र बरोबर आहे असें गृहीत धरून चालण्याची जुनी रीत पुनः लागू झाली. होरायझन पोस्टांत शिरली तीही त्याच सालीं. विल्क्सला जिन्यावर जें कळलें होतें तें पन्नास वर्षांनीं कायदेपंडितांना ठाऊक नसावें ह्याचें नवल वाटतें.

होरायझनमधील एका दोषाचा मासला पाहण्यासारखा आहे. २०१५ सालीं स्कॉटलंडांतील डॅल्मेलिंग्टन येथें एका पोस्टांतून दुसऱ्या ठिकाणीं नेलेल्या ८,००० पौंडांची नोंद करतांना पडदा जागचा हलेना. म्हणून बाईनें एंटरची कळ पुन्हां पुन्हां दाबली, आणि प्रत्येक दाबण्यासरशी तीच रक्कम नव्यानें जमा झाली. चार वेळां नोंद. २४,००० पौंडांची तूट. आपल्यापैकीं कोण असा आहे कीं ज्यानें न हलणाऱ्या पडद्यापुढें कळ दोनदां दाबली नाहीं ? थेरॅकवरील 'पुढें चला'ची कळ आणि ही एंटरची कळ ह्या सख्ख्या बहिणी आहेत.

ह्या लोकांना टायलरच्या पदार्थवैज्ञानिकासारखा शेजारीं बसून 'तूं काय केलेंस तें दाखव' म्हणणारा खात्यांत कोणी भेटला नाहीं. तें काम त्यांना स्वतःच करावें लागलें. ऑलन बेट्स ह्या पोस्टमास्तरानें होरायझनची तूट भरण्याचें नाकारल्यावर २००३ सालीं त्याचें पोस्ट काढून घेण्यांत आलें. २००९ सालीं त्यानें समदुःखी लोकांची संघटना उभारली, आणि त्याच वर्षीं 'कॉम्प्युटर वीकली' ह्या नियतकालिकानें सात पोस्टमास्तरांच्या हकीकती छापल्या. एकटे असलेले सात झाले, सातांचे ५५५ झाले. डिसेंबर २०१९ मध्यें न्यायमूर्ति फ्रेझर ह्यांनीं होरायझनमध्यें अनेक दोष होते व तिची पहिली आवृत्ति मुळींच भरंवशाची नव्हती असा निर्णय दिला. पोस्टमास्तराला न कळतां दुरून त्याच्या हिशेबांत फेरफार करतां येत होता, ही पोस्टखात्यानें वर्षानुवर्षें नाकारलेली गोष्टही शाबीत झाली. एप्रिल २०२१ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, आणि २०२४ च्या मे महिन्यांत पार्लमेंटनें कायदाच करून उरलेल्यांपैकीं शेंकडों लोकांस एकदम निर्दोष ठरविलें. तोंपर्यंत कित्येकजण मरण पावले होते, आणि त्यांतील कांहींनीं स्वतःच्या हातानें आयुष्य संपविलें होतें.

मग भरंवशाची आज्ञावली लिहावी कशी ? चांचण्या वाढवा, हें उत्तर प्रथम सुचतें. परंतु डाइक्स्ट्रानेंच फार पूर्वीं बजावून ठेविलें आहे कीं, चांचणीनें दोष आहेत हें दाखवितां येतें, दोष नाहींत हें कधींच दाखवितां येत नाहीं. दुसरें उत्तर, एकाऐवजीं दोन यंत्रें ठेवा. ४ जून १९९६ रोजीं युरोपचें एरियान-५ अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभरही न टिकतां फुटलें. त्यांत दिशा राखणाऱ्या यंत्राची जोडी होती. पण दोहोंत एकच आज्ञावली, तीही आधींच्या एरियान-४ वरून उचललेली, असल्यामुळें नव्या बाणाचा मोठा वेग एका लहान रकान्यांत मावेना आणि दोन्हीं यंत्रें पाठोपाठ बंद पडलीं. एकाच पंतोजीच्या दोन शिष्यांनीं एकमेकांची वही तपासण्यासारखें तें झालें. गणिती सिद्धतेचा मार्ग ह्याहून बळकट आहे, आणि १९९८ सालीं सुरू झालेल्या पॅरिसच्या चालकविरहित चौदाव्या मेट्रो मार्गाच्या सुरक्षा-आज्ञावलींत तो यशस्वीही झाला; मात्र सिद्धता देतां येते ती लिहून दिलेल्या अपेक्षेची, आणि अपेक्षा माणूसच लिहितो.

ज्यांना यश आलें त्यांच्या रीती पाहिल्या तर त्यांत बुद्धिमत्तेपेक्षां वृत्तीचा भाग मोठा आढळतो. अमेरिकेच्या अंतराळ-शटलची आज्ञावली ४ लाख २० हजार ओळींची होती. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तान्तानुसार तिच्या शेवटच्या तीन आवृत्त्यांत प्रत्येकीं एकच दोष सांपडला होता. तेथें लिहिणारे वेगळे व तपासणारे वेगळे. आणि दोष सांपडला कीं तो कोणी केला ह्यावर न थांबतां, तो आपल्या कोणत्या चाळणींतून निसटला, आणि तशाच प्रकारचे आणखी कोठें निसटले असतील, हें शोधून चाळणी बदलीत. अर्थात् ह्याला वेळ व पैका लागतो. आणि कारखानदारांना तो खर्च बहुधा अपघातानंतरच परवडतो.

ह्या वृत्तीचें एक जुनें उदाहरण चंद्रप्रवासाच्या काळांतील आहे. मार्गारेट हॅमिल्टन ही मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत अपोलो यानाच्या संगणकासाठीं आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींची प्रमुख होती. ती सुटीच्या दिवशींही आपल्या लहान मुलीला घेऊन कामावर जाई. एकदां त्या मुलीनें यानाच्या नकली कळफलकाशीं खेळतां खेळतां, उड्डाण चालू असल्याची बतावणी सुरू असतांनाच, उड्डाणापूर्वींच्या तयारीचा कार्यक्रम सुरू केला आणि सगळा डोलारा कोसळला. हॅमिल्टनला वाटलें, मुलीनें जें केलें तें अंतराळवीरही करील. म्हणून त्यास प्रतिबंध करणारी तपासणी आज्ञावलींत घालूं द्यावी अशी तिनें परवानगी मागितली. ती नाकारण्यांत आली. अंतराळवीर शिकवून तयार केलेले असतात, ते अशी चूक कधींच करणार नाहींत, असें वरिष्ठांचें म्हणणें पडलें. तेव्हां तिनें नुसती एक सूचना कागदपत्रांत लिहून ठेविली : उड्डाणांत हा कार्यक्रम निवडूं नये.

१९६८ च्या डिसेंबरांत अपोलो ८ चंद्राला प्रदक्षिणा घालून परत येत असतांना जेम्स लव्हेल ह्यास 'तारा ०१' असें टंकावयाचें होतें. त्यानें 'कार्यक्रम ०१' असें टंकिलें. यान पृथ्वीवरच उभें आहे अशी संगणकाची समजूत झाली आणि दिशेची सारी नोंद पुसली गेली. लव्हेलनें तारे पाहून ती हातानें पुन्हां बसविली, आणि तिघेही सुखरूप परतले. त्यानंतर ती तपासणी आज्ञावलींत घालण्याची परवानगी हॅमिल्टनला मिळाली.